दाढेच्या खड्ड्यात काय भरायचं?

दाढ निघाली की डॉक्टर खड्ड्यावर गॉजची घडी ठेवतात आणि सांगतात, 'घट्ट चावून धरा, पाऊण तास बोलू नका.' त्या पाऊण तासात तिथे जे घडतं त्यावर पुढचे तीन महिने ठरतात. रक्तातल्या फायब्रिन या प्रथिनाचे धागे विणले जातात, त्या जाळ्यात पाणी, लाल पेशी आणि प्लेटलेट अडकतात, आणि जेमतेम मिलिलिटरभराची एक लिबलिबीत, गडद लाल गुठळी खड्डा भरून टाकते. पाण्यात न विरघळणारं, पण भरपूर पाणी धरून ठेवणारं लांबलचक रेणूंचं जाळं म्हणजे हायड्रोजेल. (जेल म्हटलं की आपल्याकडे आधी येरवडा आठवतो. अर्थ फार दूर नाही, इथे पाणी कोंडलेलं असतं.) या व्याख्येनं पाहिलं तर रक्ताची गुठळी हेच दाढेच्या खड्ड्यातलं पहिलं हायड्रोजेल. शरीर ते जागच्या जागी, हव्या त्या मापाचं आणि फुकट बनवतं.

हे आधी सांगायचं कारण असं, की गेल्या काही वर्षांत दात काढल्यावर खड्ड्यात भरायच्या कृत्रिम हायड्रोजेलांवर संशोधनाचा पूर आला आहे. कायटोसान, जिलेटिन, हायलुरॉनिक आम्ल, अल्जिनेट, रेशमातलं प्रथिन. त्यात कधी प्रतिजैविक, कधी हाड वाढवणारं प्रथिन, कधी चांदीचे सूक्ष्म कण. यातल्या कितीतरी लेखांचा सूर एकच: रिकाम्या सोडलेल्या खड्ड्यापेक्षा जेल भरलेला खड्डा लवकर भरला. माझा आक्षेप त्या 'रिकाम्या' शब्दाला आहे. नीट काढलेल्या दाढेचा खड्डा रिकामा नसतोच, तिथे गुठळी असते. नव्या जेलची कुस्ती लावायची तर ती नीट जपलेल्या गुठळीशी लावा. आणि ज्यांच्या तोंडात गुठळी धरतच नाही, किंवा धरली तरी खालचं हाड साथ देत नाही, अशा रुग्णांपर्यंत ते जेल आधी पोचू द्या. आज ओघ उलटा आहे. ज्याला इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) परवडतं त्याच्या बिलात एक ओळ वाढते, आणि हृदयाची झडप बदललेला, रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिट्रोमची गोळी घेणारा माणूस दुखरी दाढ घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतो, कारण हात लावायला कोणी तयार नसतं.

हायड्रोजेल ही काही परग्रहावरची वस्तू नव्हे. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याभोवती पारदर्शक लेप फुगतो, तेही हायड्रोजेलच. दंतवैद्याच्या तर ते रोजच्या हाताखालचं. कवळीसाठी माप घेताना रबरी वाडग्यात पावडर आणि पाणी घोटून जो लगदा तोंडात धरतात तो अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेली रेणूंची लांब साखळी. पावडरीतल्या कॅल्शिअम सल्फेटमधून सुटलेलं कॅल्शिअम दोन साखळ्यांना टिचबटणासारखं जोडत जातं आणि दोन-चार मिनिटांत लगदा रबरासारखा घट्ट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात टाकीच्या पाण्यानं घोटला तर ट्रे तोंडात जाण्याआधीच तो आवळतो, म्हणून गार पाणी घ्यावं लागतं. घेतलेलं माप टेबलावर तसंच राहिलं तर पाणी सोडून आक्रसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं, आणि दोन्ही बाजूंनी कवळीच चुकते. हायड्रोजेलचे बहुतेक गुणदोष या एका वाडग्यात दिसतात: आसपासच्या पाण्याशी त्याचं देणंघेणं सतत चालू, तापमानानं वेळ बदलते, आकाराची हमी नाही. असला पदार्थ आपल्याला लाळेत, उबदार रक्त पाझरणाऱ्या खड्ड्यात, चावणाऱ्या जबड्याखाली आठवडाभर टिकवायचा आहे. प्रागमध्ये ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लीम यांनी शरीरात वापरायच्या जेलांवरचा निबंध १९६० साली छापला, आणि १९६१च्या अखेरीस विख्टरले यांनी घरीच, मुलांच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या जोडून केलेल्या यंत्रावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. डोळ्यात हायड्रोजेल केव्हाच रुळलं. दाढेच्या खड्ड्यात ते अजून रुळायचं आहे, कारण जागाच अवघड.

गुठळी टिकली तर पुढचा क्रम ठरलेला आहे. दोन-तीन दिवसांत तिच्यात पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या शिरू लागतात, आठवड्याभरात लालसर दाणेदार ऊती दिसते, दोन-तीन आठवड्यांनी तळाकडून कोवळं हाड चढायला लागतं. वरची हिरडी महिना-सव्वा महिन्यात मिटते आणि खड्डा हाडानं भरायला तीन-चार महिने जातात. गुठळी टिकली नाही तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान ठणका सुरू होतो. तो कानापर्यंत जातो, गोळीला दाद देत नाही, तोंडाला घाण वास येतो आणि खड्ड्यात डोकावलं तर करडं, उघडं हाड दिसतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. हे नाव १८९६ पासून चालत आलं आहे. साध्या दाढेनंतर हे १ ते ५ टक्के रुग्णांत होतं, खालची अडकलेली अक्कलदाढ कापून काढली तर प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जातं. १९७३ मध्ये बिर्न यांनी याची जी मीमांसा मांडली ती आजही बव्हंशी मानली जाते: इजा झालेल्या हाडातून आणि जिवाणूंमुळे सुटलेले पदार्थ रक्तातल्या प्लाझ्मिनला जागं करतात आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे तोडतं. शरीरानं बनवलेलं जेल वेळेआधी विरघळतं, एवढाच या दुखण्याचा अर्थ.

आता ते वेळेआधी विरघळू नये म्हणून काय करावं लागतं? यातलं जवळजवळ सगळं स्वस्त आहे आणि म्हणूनच त्याची जाहिरात नाही. दाढ ओढण्याआधी तिच्याभोवतीचे तंतू पातळ पात्याच्या पेरिओटोमनं सोडवायचे, म्हणजे हाड कमी चेपलं जातं. अडकलेल्या दाढेसाठी हाड कापताना ड्रिलच्या पात्यावर, म्हणजे बरवर, सलाइनची धार सतत हवी. धार थांबली की हाड तापतं आणि तापून मेलेल्या हाडावर गुठळी धरत नाही. खड्डा सलाइननं धुवायचा, पण तळ खरवडायचा नाही. पू किंवा गाठ असेल तेवढीच काढायची. मग दोन बोटांनी दोन्ही भिंती हलकेच दाबायच्या, मोठ्या खड्ड्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आडवा टाका घालायचा आणि ओलसर गॉज द्यायचं. कोरडा कापूस देऊ नये. त्याचे तंतू गुठळीत विणले जातात आणि तासाभरानं पेशंटनं बोळा ओढला की त्याबरोबर गुठळीही येते. मग तो घाबरतो, नवा बोळा ठेवतो, तोही ओढतो. रात्री अकराला येणारे 'रक्त थांबत नाही' असे फोन पुष्कळदा या बोळ्याचे असतात.

पेशंटकडून होणारी चूक वेगळी. पहिले २४ तास चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉनं पिऊ नये, कारण प्रत्येक वेळी तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी सैल होते. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा हलकी चूळ. तंबाखू किमान तीन दिवस बंद. आपल्याकडे गोम आहे ती या शेवटच्या वाक्यात. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातला जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होता, आणि गुटख्यावर बंदी तर २०१२ पासून आहे. खेड्यातल्या बाईला 'तंबाखू खाता का?' विचारलं तर ती 'नाही बाई' म्हणते आणि खरंच सांगत असते, कारण मिश्री लावणं हे तिच्या हिशेबी तंबाखू खाणं नव्हे, ते दात घासणं आहे. 'मिश्री लावता का?' हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. नाही विचारला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटानं थेट त्या खड्ड्याच्या काठावर चोळली जाते. तिथे जगातलं कुठलंही जेल भरा, उपयोग काय?

याच्या पुढची पायरी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन गटानं २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ड्राय सॉकेटवरच्या चाचण्या चाळल्या. मुख्यत्वे अक्कलदाढांच्या या चाचण्यांत शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ०.१२ किंवा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या चुळा, किंवा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचं जेल खड्ड्यात, यांनी धोका निम्म्यापेक्षाही खाली आला. हे जेल साधं, जुनं आणि कुठेही मिळणारं. म्हणजे नव्या हायड्रोजेलला हरवायचे प्रतिस्पर्धी दोन झाले, गुठळी आणि ही स्वस्त ट्यूब. तिलाही एक काळी बाजू आहे. ब्रिटनमध्ये खड्डा क्लोरहेक्सिडिननं धुतल्यावर तीव्र अ‍ॅलर्जीनं दोन मृत्यू नोंदले गेले. तेव्हा ड्राय सॉकेट झालेला खड्डा धुवायला कोमट सलाइनच बरं, आणि माउथवॉशनं कधी अंगावर उठलंय का हे आधी विचारायचं. ठणका थांबवायला युजेनॉल (लवंगेच्या तेलातला अर्क) असलेली पट्टी ठेवतात, ती मात्र लक्षात ठेवून काढावी लागते. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचा बोळा आठवडेच्या आठवडे आत विसरला तर खड्डा त्याच्याभोवती भरतच नाही.

प्रतिजैविकांचं काय? निरोगी माणसाची अक्कलदाढ काढताना एक संसर्ग टाळायला सुमारे १९ जणांना प्रतिजैविक द्यावं लागतं, असा कोक्रेनचा २०२१ चा हिशेब आहे. साध्या दाढेला तर तेवढंही समर्थन नाही. तरी आपल्याकडे दाढ काढली की पाच दिवसांच्या गोळ्या लिहिणं हा शिष्टाचार झाला आहे. म्हणूनच प्रतिजैविक भरलेल्या जेलकडे मी दोन मनांनी पाहतो. जागच्या जागी थोडं औषध देऊन पोटातल्या गोळ्या टळणार असतील तर उत्तम. पण गोळ्याही चालू आणि खड्ड्यात जेलही, असं होणार असेल (आणि आपल्या सवयी पाहता तेच होईल) तर प्रतिकार वाढवायला आपण आणखी एक दार उघडलं. शिवाय बहुतेक जेलांमधलं औषध पहिल्या दिवसातच भसकन बाहेर पडतं. ड्राय सॉकेट येतं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, तेव्हा भांडं रिकामं झालेलं असतं. औषध साखळीला रासायनिक बंधानं अडकवलं किंवा सूक्ष्म गोळ्यांत कोंडून मग जेलमध्ये घातलं तर ते सावकाश सुटतं, मात्र तेवढ्यानं कारखान्यातल्या पायऱ्या आणि किंमत दोन्ही वाढतात.

हायड्रोजेल खड्ड्यात कुठे फसतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. पोलोक्झॅमर ४०७ घ्या. त्याचं २० टक्क्यांच्या आसपासचं द्रावण फ्रिजमध्ये पाण्यासारखं पातळ असतं, सिरिंजनं खड्ड्यात सोडलं की अंगाच्या उबेनं घट्ट होतं. कल्पना झकास. पण हे जाळं नुसत्या शेजारधर्मानं एकत्र राहिलेलं असतं, साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या नसतात. लाळ मिसळून पातळ झालं की विरघळलं. दिवसा-दोन दिवसांत खड्ड्यात काही उरत नाही. शिवाय ते थंड ठेवायचं. ज्या तालुक्यात दुपारी वीज जाते तिथे सिरिंजमध्येच त्याचा गोळा होतो. दुसरं उदाहरण उजेडानं घट्ट होणाऱ्या जिलेटिनचं. दात भरताना वापरतात तो निळा दिवा दंतवैद्याकडे असतोच, म्हणून संशोधकांना ते आवडतं. पण दाढेचा खड्डा दहा-बारा मिलिमीटर खोल, आत वाकडा, आणि तळाशी रक्त. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा उजेड अधाशासारखा शोषतं. वरचा थर टणक होतो, तळाचा पातळच राहतो, आणि घट्ट न झालेल्या रेणूंचा त्रास कोवळ्या पेशींना होतो. प्रयोगशाळेतल्या पारदर्शक ताटलीत हे दिसत नाही.

तिसरी चूक सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त होणारी: जेल काठोकाठ दाबून भरणं. पेशी येतात त्या खड्ड्याच्या भिंतींतून, रक्ताबरोबर. जेलनं रक्ताला जागाच ठेवली नाही तर गुठळी होत नाही, जेल भिंतीपासून सुटतं आणि आपण स्वतःच्या हातानं ड्राय सॉकेट तयार करतो. दोनतृतीयांश भरून थांबावं, रक्त त्यात मुरू द्यावं आणि वर टाका घालावा. छिद्रं १०० ते ३०० मायक्रोमीटरची हवीत. त्याहून बारीक असतील तर पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. फार फुगणारं जेल टाका ताणतं, फार हळू विरघळणारं हाडाची वाट अडवतं. ग्लुटराल्डिहाइडसारखा जोडरेणू धुऊन काढला नाही तर तोच पेशी मारतो. निर्जंतुक करायला गॅमा किरण मारले तर कायटोसान आणि हायलुरॉनिक आम्लाच्या साखळ्या तुटतात, ऑटोक्लेव्हमध्ये जिलेटिनचा कस जातो. पुडीवर लिहिलेलं घट्टपण आणि खड्ड्यात पोचलेलं घट्टपण यांत म्हणूनच फरक पडतो. एक जुनी चूक नव्या वेष्टनात येऊ नये म्हणून आठवण: तेलकट पायाचं टेट्रासायक्लिन मलम खड्ड्यात ठेवल्यानं मायोस्फेरुलोसिस नावाच्या परकीय वस्तूवरच्या प्रतिक्रियेच्या गाठी झाल्या होत्या. भरायचं तर पाण्याच्या पायाचंच, याची शिकवण त्यातून मिळाली.

स्वतःच्या रक्तातूनही चांगलं जेल बनतं. २००१ मध्ये फ्रान्समध्ये पुढे आलेलं प्लेटलेटयुक्त फायब्रिन, ज्याला सगळे पीआरएफ म्हणतात, ते हेच. दंडातून सुमारे १० मिलिलिटर रक्त काढायचं, गुठळीरोधक नसलेल्या नळीत भरायचं, आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये घालून मिनिटाला २७०० फेऱ्यांनी १२ मिनिटं फिरवायचं. वर पिवळसर पाणी, तळाशी लाल पेशी आणि मध्ये फायब्रिनचा गर. तो चिमट्यानं उचलून, लाल शेपूट थोडी ठेवून कापायचा आणि खड्ड्यात बसवायचा. फसतं ते दोन ठिकाणी. नस सापडायला वेळ लागला तर नळीतच गुठळी होते. आणि '२७०० फेऱ्या' हा आकडा यंत्राच्या चाकाच्या त्रिज्येशिवाय अर्थहीन आहे. जोर महत्त्वाचा, तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट हवा. पॅथॉलॉजीचं जुनं, थरथरणारं यंत्र आणून आकडा तेवढा जुळवला की गर पातळ येतो आणि दोष पद्धतीला लागतो. अक्कलदाढेनंतरचं ड्राय सॉकेट आणि दुखणं कमी करण्यात पीआरएफचा पुरावा बराच बरा आहे. सरकारी दंत महाविद्यालयात एक यंत्र आणि नळ्यांचा पुरवठा एवढाच त्याचा खर्च. मला विचाराल तर कुठल्याही परदेशी जेलच्या आधी हे.

मग नव्या हायड्रोजेलची जागा कोणती? जिथे पीआरएफही कमी पडतं ती. अ‍ॅसिट्रोम किंवा वॉरफरिन घेणाऱ्याचं रक्तच मुळी सावकाश गोठतं, त्यामुळे त्याचा गर उशिरा आणि भुसभुशीत बनतो. अशा माणसाची आयएनआर (रक्त किती सावकाश गोठतं याचं माप) ४ च्या खाली असेल तर एका वेळी एक ते तीन दाढा गोळी बंद न करता काढता येतात, पण खड्ड्यातच रक्त थांबवायची तयारी लागते. गोळी परस्पर बंद करणं हा उपाय नव्हे. झडपेवर गुठळी बसून पक्षाघात झाला तर दाढेचा हिशेब कोण विचारतो? इथे कायटोसान खरं काम करतं. त्याच्या साखळीवर धन भार असतो, लाल पेशींच्या पृष्ठभागावर ऋण. पेशी त्याला चिकटून एकमेकींत गुंततात आणि रक्त गोठवणाऱ्या नेहमीच्या साखळीची वाट न पाहता डाट तयार होतो. गोळीनं जी वाट अडवली ती हे जेल वळसा घालून टाळतं. सोबत टाका आणि गुठळी विरघळू न देणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या ५ टक्के द्रावणाची १० मिलिलिटर चूळ, दोन मिनिटं तोंडात धरून, दिवसातून चार वेळा, दोन ते पाच दिवस. एवढं जिल्हा रुग्णालयात मिळालं तर 'आधी हार्टच्या डॉक्टरांना भेटून या' म्हणून परत पाठवलेल्यांची रांग निम्म्यानं घटेल, असं मला वाटतं.

दुसरा गट कॅन्सरचा. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे किती आहे हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात उभं राहिलं की कळतं. जबड्याला ६० ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) वर किरणोत्सर्ग मिळाला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आटतात. मग दाढ काढली तर ५ ते ७ टक्के रुग्णांत हाड उघडं पडून सडत जातं. म्हणून खराब दात किरणोपचाराच्या दोन-तीन आठवडे आधी काढायचे असतात. गरीब रुग्णाच्या बाबतीत ते पुष्कळदा राहून जातं. हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक आम्लाची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं तेच. दात काढल्यावर त्यांच्यात हाड उघडं पडण्याचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत दीड ते पंधरा टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडं ठिसूळ होण्यासाठी) याच वर्गातली आठवड्याची गोळी घेणाऱ्या आजींचा धोका याच्या कितीतरी खाली, हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, तेव्हा त्यांनी घाबरून दाढ कुजवत बसू नये. या रुग्णांच्या खड्ड्यात गुठळी झाली तरी भिंतीतून पेशी येत नाहीत. इथे रक्तवाहिन्या बोलावणारे घटक सावकाश सोडणारं जेल हवं. तसं काम प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालंय, माणसांवर फार थोडं. पैसा इथे हवा.

इम्प्लांटवाल्यांचा दावा मात्र मी उडवून लावणार नाही. दाढ काढल्यावर वर्षभरात हाडाची रुंदी सुमारे निम्म्यानं घटते, आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांत होते. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बहुतेकांत मिलिमीटरभरही जाड नसते, ती तर वितळल्यासारखी जाते. खड्डा भरल्यानं यातले सरासरी दोनेक मिलिमीटर वाचतात. पुढच्या दातात दोन मिलिमीटर म्हणजे हसणं वाचलं. मागच्या दाढेत, जिथे भिंती जाड आहेत आणि इम्प्लांट घ्यायचंच असं ठरलेलंही नाही, तिथे तेच दोन मिलिमीटर विकणं ही दुकानदारी. आणि वरचं टोक म्हणजे हाड वाढवणारं बीएमपी-२: कोलॅजनच्या स्पंजात भिजवून वापरायला अमेरिकेत २००७ मध्ये त्याला दाढेच्या खड्ड्यासाठीही मान्यता मिळाली. ते हाड बनवतं यात शंका नाही, पण सूजही दांडगी आणते, आणि किंमत सरकारी रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची.

उत्पादकांच्या बाजूनं म्हणतात की आधी पैसेवाल्यांना विकू द्या, किंमत मग उतरेल आणि खालपर्यंत पोचेल. मोबाइलच्या बाबतीत तसं झालं. इथे होणार नाही, कारण इम्प्लांटसाठी बनवलेलं जेल हाडाची रुंदी टिकवायला बनवलेलं असतं. रक्त थांबवणं आणि मेलेल्या हाडात जीव आणणं ही कामं त्याला कोणी सांगितलेलीच नसतात. बाजार ज्याची चाचणी करेल तेच सिद्ध होईल.

चाचणीचा आकडा एकदा मांडून पाहू. साध्या दाढेनंतर ड्राय सॉकेट ३ टक्के धरलं आणि जेलनं ते दीड टक्क्यावर येतं हे दाखवायचं असेल, तर नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी प्रत्येक गटात सुमारे १५०० रुग्ण लागतात. तीस-तीस रुग्णांच्या चाचणीत एका बाजूला एखादं ड्राय सॉकेट सापडेल, दुसऱ्या बाजूला शून्य, आणि लेखाला मथळा मिळेल. अक्कलदाढेत २० वरून १० टक्के दाखवायचं तर गटाला २०० पुरतात. हे आकडे कुठल्याही खासगी दवाखान्याच्या कुवतीबाहेरचे आहेत, पण मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, नायर आणि बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय एकत्र आली तर अशक्य नाहीत. तुलना कोणाशी, हेही आधी लिहून ठेवावं: टाका, ओलं गॉज आणि क्लोरहेक्सिडिन दिलेल्या खड्ड्याशी. मोजायचं तेही पेशंटच्या बाजूनं. अर्ध्या तासानंतर रक्त चालू आहे का, पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी दुखणं दहापैकी किती, किती वेदनाशामकं खाल्ली, मजुरी बुडवून पुन्हा यावं लागलं का, आणि धोक्याच्या रुग्णांत आठ आठवड्यांनी हाड उघडं आहे का. सीबीसीटीवरची (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवरची) पांढरी सावली हा पुरावा दुय्यम. उंदराच्या खड्ड्यात चार आठवड्यांत काय दिसलं याला तर मी तिसऱ्या रांगेत बसवेन.

कायद्याची बाजू तितकी ढिली नाही जितकी समजली जाते. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत, १ एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणं त्यांच्या कक्षेत आली, आणि 'क' व 'ड' वर्गातल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. औषध मिसळलेलं किंवा प्राण्यांच्या ऊतींपासून केलेलं, शरीरात राहणारं उपकरण सर्वांत कडक 'ड' वर्गात जातं. म्हणजे एखाद्या प्रतिनिधीनं 'सर, सॅम्पल वापरून बघा' म्हणून टेबलावर ठेवलेल्या सिरिंजवर परवाना क्रमांक, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि मुदत नसेल तर ती पेशंटच्या हाडात जाता कामा नये. हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं.

एक गोष्ट मात्र पेशंटला जवळजवळ कधीच सांगितली जात नाही: हे कशाचं आहे? जिलेटिन गाईगुरांचं किंवा डुकराचं असतं, कोलॅजन बहुधा गुरांचं, अल्जिनेट शेवाळाचं, कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचाचं. जैन, वारकरी, मुसलमान, यांतल्या प्रत्येकाला त्यातलं काही ना काही नको असू शकतं, आणि नको म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. शिवाय पर्याय आहेत, त्यामुळे विचारल्यानं काही अडतही नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी मुख्यत्वे तिच्या मांसातल्या प्रथिनाची असते आणि नीट शुद्ध केलेल्या कायटोसानमध्ये ते उरू नये. तरी 'उरू नये' आणि 'उरलं नाही' यांत अंतर असतं. ससून डॉकवर सोललेल्या कोळंबीच्या कवचांचे ढीग पडतात, आणि त्या कवचापासून कायटोसान करण्याचं तंत्र कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेकडे आहे. म्हणजे कच्चा माल घरचा, तंत्र घरचं. असं जेल इथे स्वस्तात बनलं आणि जिल्हा रुग्णालयांत पोचलं, तर त्याच्या मराठी संमतिपत्रात दोन ओळी आधीच घालून ठेवाव्यात: 'हा पदार्थ कोळंबीच्या कवचापासून केलेला आहे. कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर अंगावर उठतं का?' आणि त्याखाली तिसरी: 'मिश्री लावता का?'